डोंगराची वर्दी देणारा माणूस

जुलै १९६२ मधली पावसाळी रात्र. बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरच्या डोंगरावर आदळले. आतल्या ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. मुंबई जवळ आली, अशी चुकीची समजूत झाल्याने वैमानिकाने विमान लवकर खाली आणले होते. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' युरोपात माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. त्यात डॉ. होमी भाभा होते.

असे अपघात जगभर होत. विमान धडधाकट, वैमानिक शुद्धीवर, आणि समोर डोंगर. चौकशीचे उत्तर बहुतेकदा ठरलेले: वैमानिकाची चूक. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही. दोष त्याच्या माथी मारला की फाईल बंद!

ही बंद फाईल ज्याने आयुष्यभर उघडी ठेवली, तो माणूस म्हणजे डॉन बेटमन. जन्म १९३२, कॅनडातील सास्काटून. लहानपणी तो शाळेत असताना आकाशात दोन विमानांची टक्कर झाली आणि त्याने मित्राबरोबर तिकडे धाव घेतली. शिक्षा म्हणून बाईंनी त्याला जे पाहिले ते लिहून काढायला लावले. अपघाताचा त्याचा हा पहिला अहवाल!

१९५६ मध्ये तो विद्युत अभियंता झाला, पण पोटासाठी टीव्ही दुरुस्त करीत होता. स्वतःचे दुरुस्तीचे दुकानही त्याने चालवले. आपल्याकडे हाताला काजळी लागलेला खालच्या पायरीवर आणि कागदावर आकडेमोड करणारा वर, अशी वाटणी आहे. बेटमन दोन्हीकडचा होता. १९५८ मध्ये बोईंगच्या नोकरीत आणि १९६० च्या सुमारास सिएटलजवळच्या 'युनायटेड कंट्रोल' या विमान-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत तो गेला. गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला अमेरिकेची सीमा फार उंच नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. पुढे मालक बदलत गेले, दारावरची पाटी अखेर 'हनीवेल' झाली. बेटमनचे काम मात्र तेच राहिले.

जमिनीकडे रेडिओलहरी सोडून उंची मोजणारे यंत्र विमानात आधीपासून होते. बेटमनने त्या आकड्याला साधा प्रश्न विचारला: जमीन किती वेगाने जवळ येते आहे? वेग धोक्याचा वाटला, तर यंत्राने ओरडून सांगावे, 'पुल अप', म्हणजे विमान वर घ्या. १९७१ मध्ये अलास्कात जुनोजवळ विमान डोंगरावर आदळून १११ जण मेले, तेव्हा तो छोट्या विमानात आपले यंत्र घेऊन त्याच वाटेने उडाला. इशारा मिळाला, पण फार उशिरा. परत येऊन त्याने यंत्र सुधारायला घेतले. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ ९२ माणसे गेली, आणि मग अमेरिकेने मोठ्या प्रवासी जेट विमानांना हे यंत्र सक्तीचे केले. सरकारला जाग यायला नेहमी प्रेतेच का मोजावी लागतात?

यंत्रात खोट होती. ते फक्त खाली पाही. समोरचा उभा कडा त्याला दिसत नसे. १९९५ मध्ये कोलंबियातील कालीजवळ इशारा आदळण्यापूर्वी जेमतेम बारा-तेरा सेकंद आधी आला. वैमानिकांनी विमान वर खेचले, पण वेग कमी करणाऱ्या पंखांवरच्या झडपा उघड्याच राहिल्या होत्या. १५९ मेले.

बेटमन त्याआधीच उपाय शोधत होता. सगळ्या पृथ्वीच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा यंत्रात भरायचा आणि विमान कुठे आहे ते उपग्रहाकडून घ्यायचे. पण असा नकाशा होता कोणाकडे? सोव्हिएत लष्कराकडे! १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, गुप्त नकाशे विक्रीला आले आणि बेटमनने कंपनीला ते घ्यायला लावले. युद्धासाठी मोजलेले डोंगर प्रवाशांचे जीव वाचवायला लागले, ही गोष्ट मला त्याच्या पदकापेक्षा मोठी वाटते. (पदकही मिळाले, २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते.)

२०१६ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, तो निवृत्त झाला आणि मे २०२३ मध्ये गेला. आज रात्री मुंबईकडे येणारे एखादे जेट सह्याद्रीवर वेळेआधी खाली येऊ लागले, तर वैमानिकापुढच्या पडद्यावर जुन्नरचे डोंगर आधी पिवळे होतील, मग लाल.