उजेडाची साक्ष

पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल देण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. त्या पुडीतील द्रव्य कपड्याचा मळ काढीत नाही. उन्हातील अदृश्य अतिनील किरण ते शोषून घेते आणि त्यांच्या बदली निळसर उजेड परत देते. कपडा झळकतो तो त्यामुळे. प्रकाशाच्या या परतफेडीला प्रतिदीप्ती म्हणतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी तिचे शास्त्रीय विवरण केले. पुढे १८७१ साली जर्मन रसायनज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हा रंग सिद्ध केला. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा आहे काय, हे पाहण्यासाठी नेत्रवैद्य जो रंग घालतात आणि निळ्या दिव्याखाली हिरवा चमकताना पाहतात, तो हाच.

या रंगाला शास्त्रज्ञांनी याहूनही अवघड कामाला जुंपले, त्याची हकीकत आम्हांस वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

मोटारींच्या धुरात सापडणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तरही सतत निर्माण करीत असते. त्याच्या निरोपाने रक्तवाहिन्या सैल होतात. छातीत कळ आली असता वडीलधारी मंडळी जिभेखाली जी गोळी धरतात, तिचा गुण याच वायूमुळे येतो. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हा निरोप्या शरीरात अवघे काही सेकंद टिकतो. जो धरावयास जावे तोच नाहीसा होतो, त्याला पाहावे कसे?

टोकियो विद्यापीठातील तेत्सुओ नागानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी एक युक्ती प्रसिद्ध केली. फ्लुओरेसीनच्या रेणूला त्यांनी शेजारी शेजारी दोन अमाइन गट जोडले. हे गट रंगाचा उजेड दाबून धरतात. नायट्रिक ऑक्साइडचा प्राणवायूशी संयोग होऊन जे द्रव्य बनते, ते या दोन गटांना सांधून त्यांचे एक कडे करते. दाब सुटतो आणि रेणू हिरवा उजळतो. दहा लाख लिटर पाण्यात पाव ग्रॅमहूनही कमी वायू असला तरी त्याचा माग लागावा, इतके हे साधन सूक्ष्म आहे. पेशीच्या आवरणातून आत शिरण्यासाठी त्याला ॲसिटिक आम्लाचे दोन अंश जोडून देतात. आत गेल्यावर पेशीतील विकरे ते अंश तोडून टाकतात आणि रेणू आतच अडकून राहतो.

येथवरची कथा यशाची आहे. पण खरा प्रश्न पुढेच उभा राहतो. उजेड दिसला म्हणजे तो त्याच वायूचा, हे कशावरून? क जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे एक द्रव्यही या रेणूशी संयोग पावून तसाच उजेड पाडते, असे पुढे आढळून आले. हायड्रोजन पेरॉक्साइड शोधण्यासाठी बोरॉनयुक्त रंग तयार झाले, तेव्हाही हाच अनुभव आला. पेरॉक्सिनायट्राइट नावाचे दुसरे द्रव्य त्यांच्याशी कितीतरी अधिक वेगाने संयोग पावते. शिवाय निळा-हिरवा प्रकाश मांसात फार खोल पोहोचत नाही. म्हणून जिवंत प्राण्याच्या शरीरात पाहण्यासाठी तांबड्या व त्यापलीकडच्या किरणांनी चमकणारे रंग घडवावे लागतात.

यावर उपाय एकच: साक्षीदाराची उलटतपासणी. नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर औषधाने बंद पाडावे आणि उजेड मावळतो का, ते पाहावे. मावळला तर साक्ष खरी धरण्यास आधार मिळतो. न मावळला, तर बोलणारा कोणी निराळाच आहे. एखादे औषध या वायूला वाढवते की घटवते, हा निर्णय अशाच उजेडावर बेतलेला असेल, तर ही तपासणी टाळून कसे चालेल?

चमकणाऱ्या पेशींची मनोहर चित्रे हल्ली वृत्तपत्रांतूनही येतात. ती पाहून आपण हरखून जावे, यात गैर काहीच नाही. मात्र सोबत ही तपासणी झाली होती काय, एवढे विचारण्याची सवय आपल्या घरातील विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना लागावी, असे आम्हांस वाटते.