औषध कशासाठी? तीन सेंटिमीटरचं उत्तर

चला, आकडे मोजूया. इंग्लंडमध्ये औषधांच्या बाबतीत वर्षाला किती चुका होत असतील? यॉर्क, मँचेस्टर आणि शेफील्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी 2018 मध्ये अंदाज मांडला: 23 कोटी 70 लाख! चिठ्ठी लिहिताना, दुकानात औषध देताना, रुग्णाला ते पाजताना, सगळ्या मिळून. महाराष्ट्रात वाटल्या, तर पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या पदरात जवळपास दोन-दोन पडतील. सेकंदाला सात! हा परिच्छेद संपेपर्यंत दोनशेच्या आसपास झाल्यासुद्धा.

यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त निरुपद्रवी. पण अपाय करू शकतील अशा उरतातच 6 कोटी 60 लाख. मुंबईच्या लोकलमध्ये दिवसाला सत्तरेक लाख प्रवासी चढतात. प्रत्येकाच्या हातावर एकेक चूक ठेवत गेलात, तर नऊ दिवस वाटप चालेल!

आता जग. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने औषधांच्या चुकांचा वर्षाचा भुर्दंड 42 अब्ज डॉलर. म्हणजे निदान साडेतीन लाख कोटी रुपये. म्हणजे पाचशेच्या 700 कोटी नोटा. मुंबईहून एकीपुढे एक अंथरत निघा. पुणे आलं, थांबू नका. मुंबई-पुणे सात हजार वेळा! चंद्र गाठाल, परत याल, आणि पुन्हा चंद्राची अर्धी वाट ओलांडाल.

उपाय? चिठ्ठीवर औषधासमोर कारण लिहायचं. ‘खाज’. ‘रक्तदाब’. बस्स! हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रालाझिन रक्तदाबावर. नावं जुळ्या भावांसारखी. समोर ‘खाज’ लिहिलेलं असेल, तर चुकीच्या डब्याकडे गेलेला केमिस्टचा हात थबकतो. मेथोट्रेक्सेट संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. ‘संधिवात’ दिसला की ‘रोज एक’ खटकतं. बोस्टनच्या डॉ. गॉर्डन शिफ आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हाच आग्रह धरला.

पण केवढं हे लिखाण! इंग्लंडमध्ये रुग्णालयांबाहेर वर्षाला 110 कोटींहून जास्त वेळा चिठ्ठीवरचं औषध दिलं जातं. प्रत्येकापुढे तीन सेंटिमीटरचं कारण धरा. ओळ झाली 33 हजार किलोमीटर, मुंबई-पुणे जाऊन-येऊन 110 वेळा! एका कारणाला पाच सेकंद धरा. एकट्याला लागतील 174 वर्षं! 1853 मध्ये बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, त्या दिवशी लिहायला बसलेला कारकून दीडशे वर्षं उलटली तरी मान वर करू शकला नसता.

आता हाच डोंगर इंग्लंडच्या साडेपाच कोटींहून जास्त माणसांत वाटा. माणशी वर्षाला साधारण वीस औषधं. वीस पंचे शंभर. शंभर सेकंद! सगळ्या चुका काही यातून थांबणार नाहीत. पण एका पारड्यात चंद्राला वळसा घालणाऱ्या नोटा आणि दुसऱ्यात माणशी शंभर सेकंद? अहो, तेवढ्यात दादरची लोकल माटुंग्यालाही पोचत नाही!