बाळाची कावीळ आणि आईचे दूध

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागते. मग घरात कुणीतरी म्हणते, "आईचं दूध बाधलं. दोन दिवस तोडा." आम्ही सांगतो, दूध तोडू नका.

नव्या बाळाच्या रक्तात तांबडे कण जास्त असतात. ते मोडतात, त्यातून पिवळा रंग सुटतो. तो बाहेर काढायचे काम यकृताचे. पण बाळाचे यकृत अजून कोवळे. बाहेर पडणारा रंग शीवाटे जातो. दूध कमी पडले की शी कमी होते, आणि रंग आतच राहतो. म्हणून पहिल्या चिकापासून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजा. मध, पाणी, गुटी नको.

काही बाळांचा पिवळेपणा महिनाभरही रेंगाळतो. दुधातले काही स्निग्ध अंश यकृताचे काम मंद करत असावेत, असे काही डॉक्टर मानतात. बाळ चांगले पीत असेल, अंग धरत असेल, तर बहुधा भिण्याचे कारण नसते. तरी दोन आठवड्यांवर गेले तर दाखवून घ्या.

मात्र पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, तळपाय पिवळे झाले, शी पांढरट झाली, बाळ सुस्त पडून दूध ओढेना, तर माळ-गंडा करत बसू नका. फार वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करते. तडक दवाखाना गाठा. तिथे बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवतात. त्याने रंग उतरतो, आणि मधून मधून आईला पाजताही येते.