भिंतीला मिटणारें कामाचें मेज

सुशिक्षित घरांतून हत्यारांची वाण फारशी नसते. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडी एवढा संसार बहुतेक ठिकाणीं एखाद्या ट्रंकेंत सांपडतो. वाण असते ती जागेची. दोन-तीन खोल्यांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारीं राहत असतां सुतारकामाचें मेज मांडावें कोठें? मग लाकूड स्टुलावर किंवा पाटावर ठेवून कापणें आलें. पाटाला करवतीचे दांते लागले कीं स्वयंपाकघरांतून हुकूम सुटतो, हत्यारें पुन्हां ट्रंकेंत जातात, आणि ज्या मुलामुलींचा हात नुकता कोठें बसूं लागला होता त्यांची ती गोडीही तेथेंच संपते. हें आपल्याकडेच घडतें असें नाहीं. इंग्लंडांत रॉन हिकमन या मोटारींच्या रचनाकारानें १९६१ सालीं खुर्चीवर लाकूड ठेवून कापतां कापतां चांगली खुर्चीच कापली. त्यांतून पुढें ‘वर्कमेट’ हें घडीचें मेज निघालें. परंतु त्यालाही मिटल्यावर एक कोपरा लागतोच. आम्ही येथें सांगतों तें मेज भिंतीलाच राहतें व मिटल्यावर खोलींत अवघें ४ इंच पुढें येतें.

अशीं मेजें दोन तऱ्हांचीं. एकांत फळी वर उचलून कडीनें भिंतीशीं अडकवितात. दुसऱ्यांत ती खालीं लोंबती राहते. पहिली तऱ्हा दिसावयास नेटकी खरी. पण ज्या घरांत लहान मुलें वावरतात तेथें आम्ही ती मुळींच सुचविणार नाहीं. ४ फूट लांब, २० इंच रुंद व दीड इंच जाड अशी प्लायवुडाची फळी सुमारें १५ किलो भरते. एवढें ओझें एका कडीच्या भरंवशावर मुलांच्या डोक्यावर टांगून ठेवावें कशाला? लोंबत्या फळीला पडावयास जागाच उरत नाहीं.

प्रथम ४ फूट लांब, ३ इंच उंच व अडीच इंच जाड अशी सागवानी पट्टी भिंतीवर आडवी, समतल बसवावी. तिची खालची कड जमिनीपासून साडेतीस इंचांवर ठेवली म्हणजे मेजाचा माथा ३२ इंचांवर येतो. सरळ उभें राहून हात खालीं सोडला असतां मनगट जेथें येतें, ती रंधा मारण्यास सोईची उंची. माणूस पाहून ती कमीअधिक करावी. पट्टी इतकी जाड कां, असें कोणी विचारील. मिटलेल्या फळीच्या मागें दोन त्रिकोणी आधार दडावयाचे असतात, त्यांना ही पोकळी हवी. फळी पट्टीला भिडवून दोहोंच्या खालच्या अंगास तीन भक्कम बिजागऱ्या जोडाव्या व त्यांचीं पानें लाकडांत खोदून बसवावीं. पट्टीचा दीड इंच भाग फळीच्या वर राहतो. त्यामुळें खिळे भिंतीकडे घरंगळत नाहींत.

आधार २ इंच जाड लाकडाचे, १६ इंच बाहेर येणारे व २० इंच उंच असावे. भिंतीवरील उभ्या पट्ट्यांना ते दाराप्रमाणें, एकमेकांकडे मिटतील असे जोडावे. उंचींत काटकसर नको. पुढल्या कडेवर भार पडला कीं आधाराचें वरचें टोंक भिंतींतून उपटूं पाहतें. आधाराची उंची निम्मी केली तर तीच ओढ दुप्पट होते. फळीच्या खालीं प्रत्येक आधाराच्या बाहेरच्या अंगास ठोकळा व आंतल्या अंगास फिरती खिटी असावी, म्हणजे कोणाचा पाय लागून आधार निसटणार नाहीं.

अर्थात् भिंत खंबीर पाहिजे. स्क्रूचीं भोकें गिलाव्यांतून पार होऊन विटेंत ३ इंच तरी गेलीं पाहिजेत. साडेचार इंची आडभिंतीच्या वाटेस जाऊंच नये. जुन्या वाड्यांतील मातीच्या भिंतीवर खांबापासून खांबापर्यंत वर व खालीं दोन आडवीं लाकडें जोडून त्यांवर मेज बसवावें.

मेज उघडतांना एका हातानें फळी उचलून दुसऱ्यानें आधार फिरवावे. मिटतांना ती सोडून देऊं नये, हातानें उतरवावी; मध्यें लहानांचीं बोटें सांपडतात. पटाशीचे जोराचे ठोके आधाराच्या माथ्यावर द्यावे, फळीच्या मध्यावर नव्हे. मिटलेली फळी जमिनीपासून साडेदहा इंच वर राहत असल्यानें खालून केर निघतो, रात्रीं गाद्याही घालतां येतात. शेगडा मात्र कायमचा जडवूं नये. तो फळीखालीं राहिला तर भिंतीला अडतो व मेज मिटतच नाहीं.