बोटीवरचं 'एक नंबर' टेन्शन

शिडाची बोट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरंशुभ्र शीड, गॉगल, भन्नाट वारा आणि पाठीमागे गेटवे. टॉयलेट कुणालाच आठवत नाही. ते आठवतं दोन तासांनी, किनारा लांब गेल्यावर!

माझ्या मित्रानं दोन कलीग्जबरोबर २६ फुटी सेकंडहँड बोट घेतली, तेव्हा अगदी हेच झालं. गेटवे ते मांडवा म्हणजे वाऱ्याच्या मर्जीनं दोन-तीन तास. मुलांचं बादलीवर भागायचं. आम्ही मुली मात्र सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. वर रणरणतं ऊन. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला गरगरायचं. पुढच्या वेळी ठरलेलं उत्तर, 'नको रे, काम आहे.' त्यावर बॉइजचा निष्कर्ष काय, तर मुलींना सेलिंगमध्ये इंटरेस्टच नसतो! शेवटी एकीनं खरं कारण सांगून टाकलं. मग पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर चढवली, तेव्हा टॉयलेट बसवायचं ठरलं.

नाविकांच्या भाषेत याला 'हेड' म्हणतात. जुन्या जहाजांवर खलाशी पार पुढच्या टोकाला जाऊन मोकळे व्हायचे, त्यावरून हे नाव. आता तेवढं सोपं राहिलेलं नाही, बॉस.

घरातल्या कमोडला उताराचा आधार असतो. बोटीत भांडं बरेचदा समुद्राच्या पातळीच्याही खाली असतं, त्यामुळे सगळा खेळ हातपंपावर. १९ मिलिमीटरच्या पाइपनं समुद्राचं पाणी आत घ्यायचं, ३८ मिलिमीटरच्या पाइपनं घाण बाहेर ढकलायची. म्हणजे बोटीला दोन भोकं! त्यातलं मोठं भोक पाण्याखाली दोन फुटांवर उघडं राहिलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत घुसतं.

म्हणून प्रत्येक भोकावर सी-कॉक, म्हणजे बंद करायचा दांडा असलेला व्हॉल्व्ह. मिस्त्रींनी तो पक्का करायच्या आधी मला खाली वाकून हात घालायला लावला. म्हणाले, "मॅडम, अंधारात हात पोचला पाहिजे. नाहीतर बसवून काय उपयोग?" शेजारीच त्यांनी सुतळीनं लाकडी खुंटी बांधली. व्हॉल्व्ह तुटला तर तीच भोकात ठोकायची. पाइपच्या टोकांना स्टेनलेस स्टीलच्या क्लिपाही दोन-दोन.

जास्त वाटतं? १४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडजवळ यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी गेली, ती टॉयलेटच्या बिघाडानं! पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोचलं, विषारी क्लोरीन तयार झाला आणि पाणबुडीला वर यावं लागलं. वर शत्रूची विमानं होती.

छोट्या बोटीचा शत्रू वेगळा. स्कूटरमधून नळीनं पेट्रोल काढताना पाहिलंय? एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते. तसाच समुद्र भांड्यात उतरू शकतो. त्यावर उपाय म्हणजे पाइप पाण्याच्या पातळीच्या बराच वर नेऊन वळवायचा, बोट कलली तरी वळण वरच राहील इतका. वळणाच्या माथ्यावर हवेचा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा. हवा शिरली की धार तुटते. एवढासा तुकडा, पण तोच राहून गेला तर अख्खी बोट जाऊ शकते.

आणि ही घाण जाणार कुठे? आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी २००३ पासून 'मार्पोल' कराराचा नियम आहे. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचा नाही. इतक्या छोट्या बोटीला तो लागू होत नाही, पण मासे त्याच पाण्यातले आपणच खातो ना? म्हणून मित्रानं टाकी बसवली. बोट धक्क्याला लागली की ती वरून पंपानं उपसायची.

आता मेन्टेनन्सचा फंडा. लघवी आणि खारं पाणी मिळून पाइपात दगडासारखा थर धरतो, म्हणून अधूनमधून व्हिनेगर ओतायचं. वास येतोय? गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपवर घासा आणि हुंगा. फडक्याला वास आला, तर पाइप बदला. आणि सोनेरी नियम : जे आधी पोटात गेलेलं नाही, ते भांड्यात टाकायचं नाही.

पाऊस संपला की बोट पाण्यात उतरेल. पहिल्या फेरीसाठी सहा नावं आलीत, त्यात चार मुली. प्रत्येकीच्या बॅगेत पाण्याची बाटली असणार, आणि ती भरलेली!