ठोकळ्यांतून उभा राहणारा गोडाचा कारखाना

गोळ्या-चॉकलेटचा कारखाना कसा असतो, असे शहरातल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. आत चॉकलेटची नदी वाहते, धबधबा कोसळतो आणि सगळी यंत्रे आपोआप चालतात. हे चित्र रोआल्ड डाल या लेखकाच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या कादंबरीतून आले. पुढे १९७१, २००५ आणि २०२३ च्या चित्रपटांनी ते जगभर पक्के केले. मुलांनी हेच चित्र खेळण्यातल्या ठोकळ्यांत उतरवावे, याचे नवल नाही. परंतु बहुतेक घरांत हा खेळ दोन-चार रंगीत भिंती आणि एका धुराड्यापाशी अडतो. आत नेमके काय ठेवायचे, हेच ठाऊक नसते!

खुद्द डालची कल्पना हवेतून आलेली नव्हती. तो इंग्लंडमधल्या रेप्टन येथील शाळेत शिकत असताना कॅडबरी कंपनी तिथल्या मुलांना नव्या चॉकलेटांचे नमुने चव पाहण्यासाठी पाठवीत असे. कारखान्यात कुठेतरी नवनवे प्रयोग चालत असतील, हे त्या मुलाने तेव्हाच मनाशी रंगवले होते. गंमतीचा कारखाना उभारायचा, तर त्याच्या पोटात एखादा खराखुरा कारखाना असावा लागतो तो असा. आपल्या मुलांसाठी तो कुठे शोधायचा?

आमच्या मते त्यासाठी धाराशिव जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. ज्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलले, तो हा आठ तालुक्यांचा जिल्हा शहरी वाचकाला ठाऊक असतो तो तुळजाभवानीमुळे आणि दुष्काळाच्या बातम्यांमुळे. पण उसापासून साखर आणि दुधापासून खवा, म्हणजे मिठाईच्या धंद्याची दोन्ही मुळे येथे आहेत. धबधबाही आहे. आणि विटांचा विषय निघालाच आहे, तर या जिल्ह्याइतका जुना अधिकार फार थोड्यांना सांगता येईल.

तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनांतही त्याचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे आणि त्याचा मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार आहे. बौद्ध चैत्याची ही जुनी धाटणी. तेरच्या जुन्या विटांची ख्याती अशी, की त्या पाण्यावर तरंगतात इतक्या हलक्या असतात. ठोकळ्यांशी खेळणाऱ्या मुलाला हे सांगून बादलीभर पाण्यात प्लॅस्टिकची वीट टाकून पाहायला लावावे. प्लॅस्टिक पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे वीट सरळ टाकली तर बुडते; पोकळी खाली करून अलगद ठेवली, आत हवा अडकली, तर तरंगते. तेरच्या विटेतही हलकेपणा येतो तो पोटातल्या असंख्य बारीक छिद्रांमुळेच.

आता खेळण्यातल्या विटेविषयी थोडे. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या लेगो कंपनीने आज आपण पाहतो त्या विटेच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. वर बटणे आणि आत पोकळ नळ्या, एवढीच युक्ती; पण त्या नळ्यांमुळे विटा एकमेकींना घट्ट धरू लागल्या. आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी मोजून दाखवले आहे. आपल्याला मात्र तीनच मापे ध्यानात ठेवायची आहेत. दोन बटणांतले अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची उंची तिच्या एक तृतीयांश. म्हणजे पाच पट्ट्या एकावर एक रचल्या, की बरोबर दोन बटणांची रुंदी होते. आडव्या बसवलेल्या भागांचा मेळ घालताना हे गणित फार उपयोगी पडते. बाजारात स्वस्त ठोकळेही मिळतात. भिंतींसाठी ते चालतात, पण फिरणाऱ्या भागांसाठी मापात काटेकोर असलेलेच वापरावेत.

पायासाठी ३२ बाय ३२ बटणांच्या दोन पाट्या शेजारी ठेवाव्यात. ही जागा साधारण ५१ बाय २५ सेंटिमीटर होते, अभ्यासाच्या टेबलावर मावते. भिंत रचताना गवंडी जे करतो तेच करायचे. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. सांधेमोड न करता रचलेली भिंत पाहता पाहता उभी चिरते, मग ती मातीची असो वा प्लॅस्टिकची.

पहिला विभाग साखरेचा. ढोकीचा तेरणा कारखाना, कळंब तालुक्यातील रांजणीचा नॅचरल शुगर अशी नावे जिल्ह्यात सर्वतोमुखी आहेत. त्यांतील तेरणा अनेक वर्षे बंद राहिला, तेव्हा त्याच्या भोवतालच्या बाजारपेठेवरही अवकळा आली. हंगामाचा प्रारंभ बॉयलर पेटवून आणि गव्हाणीत उसाची मोळी टाकून होतो. आपल्या मॉडेलमध्येही प्रवेशद्वारापाशी गव्हाण हवी. हिरव्या दांड्यांच्या मोळ्या बांधून त्या उतरत्या पट्ट्यावर ठेवायच्या. पुढे चरक. हा दिसतो तसा वेगाने फिरत नाही. खऱ्या कारखान्यातले अवजड रूळ मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात, कारण त्यांना वेगापेक्षा दाब हवा असतो. मॉडेलमध्ये हीच संथ गती साधण्यासाठी हँडलवर आठ दात्यांचे चाक आणि रुळावर चोवीस दात्यांचे चाक लावावे. हँडल तीन वेळा फिरले, की रूळ एकदा फिरतो. अशा दोन जोड्या लावल्या, तर नऊ फेऱ्यांना एक. मुलाच्या हाताला लगेच जाणवते, की वेग कमी झाला तसा जोर वाढला आहे. यंत्रशास्त्राचा हा धडा पुस्तकातून इतक्या सहज कळत नाही.

उसातून काय निघते, हे तर मॉडेलमध्ये रंगांनीच दाखवता येईल. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर मिळते. यालाच उतारा म्हणतात. तीस किलोच्या आसपास चिपाड म्हणजे बगॅस, चार किलोंच्या आसपास मळी आणि जवळजवळ तेवढाच गाळ. म्हणून शंभर लहान ठोकळे मोजून घ्यावेत. त्यांतले दहा पांढरे, तीस मातकट, चार काळे, चार करडे. उरलेले पारदर्शक निळे, कारण उसाचा फार मोठा भाग हा पाणीच असतो. ते बगॅस बॉयलरमध्ये जळते, त्याच्या वाफेवर चरक चालतो आणि रस आटतो. हे चक्र दाखवणारी एक नळी चरकापासून बॉयलरपर्यंत आणि बॉयलरपासून पुन्हा चरकापर्यंत जरूर फिरवावी. ऊसच स्वतःला शिजवतो, याहून विलक्षण कल्पना डालच्या कारखान्यात तरी कुठे आहे? रस आटवण्याची भांडी ओळीने चार ठेवावीत. पहिल्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. इंधनाची मोठी बचत त्यातूनच होते.

दुसरा विभाग खव्याचा, आणि आमच्या दृष्टीने तो अधिक गोड! भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण मुनींच्या निर्वाणाची ही भूमी. तेथील पेढा वाटसरूंच्या पिशव्यांतून दूरवर पोचला आणि कुंथलगिरीच्या खव्याला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. बालाघाटाच्या या कोरडवाहू भागात पिकाचा भरवसा नाही, म्हणून जनावरे. दूध नासते, शहर लांब, म्हणून खवा. सुमारे पाच लिटर दूध आटले, की किलोभर खवा हाती येतो. म्हशीच्या दुधाला याहून थोडे कमी पुरते. म्हणजे पाच हंडे वाहून नेण्याऐवजी एक गोळा न्यायचा, आणि तोही दुधापेक्षा जास्त टिकणारा. दळणवळणाच्या अडचणीवर काढलेला हा तोडगा आहे.

कढईतले दूध क्षणभरही स्थिर राहू द्यायचे नसते, नाहीतर ते बुडाला लागते. पूर्वी लांब दांड्याचे उलथणे घेऊन माणूस धगीसमोर तासन् तास उभा राही. आता अनेक ठिकाणी कढईच फिरते आणि खरवडणारे पाते स्थिर असते. मॉडेलमध्ये ही उलटापालट मजेदार दिसते. गोल ताटलीसारखा भाग फिरत्या चकतीवर बसवावा, वरून एक पट्टी स्थिर सोडावी आणि आत पांढरे गोल मणी टाकावेत. चकती फिरली, की मणी पट्टीला अडून उलटतात.

तिसरा विभाग गोळ्यांचा. गोळ्यांचे मोठे कारखाने धाराशिवात नाहीत, त्यासाठी नाशिक जिल्ह्यात जावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली रावळगाव येथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. ‘पान पसंद’ चघळल्याशिवाय ज्यांचे बालपण सरले नाही, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. या नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्स समूहाकडे गेल्या. येथे एक गंमत मुलांना अवश्य सांगावी. साखर कारखान्याची सारी धडपड दाणे पडावेत यासाठी असते, तर गोळ्यांच्या कारखान्याची दाणे पडू नयेत यासाठी! साखरेच्या पाकात ग्लुकोजचा पाक मिसळून तो १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरते आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा पारदर्शक राहतो. गरम लगदा ओढून दोरी करतात, दोरीचे तुकडे साच्यात दाबतात आणि वेष्टनात गुंडाळतात. मॉडेलमध्ये यासाठी रंगीत पारदर्शक गोल ठोकळ्यांइतके चपखल दुसरे काही नाही.

आता कल्पनेला मोकळे सोडायला हरकत नाही. चॉकलेटच्या नदीऐवजी आपल्याकडे नळदुर्ग आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. नदीला पूर आला, की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात उभा राहिलेला माणूस कोरडाच राहून पाण्याचा पडदा आतून पाहतो. आपल्या कारखान्याचा मुकादम बसवावा तो याच दालनात. समोरून दोन धारांत सोनेरी पाक कोसळतो आहे, मागे झरोक्यात बसून तो हिशेब लिहितो आहे! त्यासाठी पिवळसर पारदर्शक पट्ट्या तिरप्या लावाव्यात आणि मागच्या भिंतीत दोन बटणांची फट सोडावी. छप्पर तेरच्या त्रिविक्रमासारखे गजपृष्ठाकार करायचे, तर दोन्ही बाजूंचा प्रत्येक थर एकेक बटण आत सरकवत न्यावा आणि तोल राखण्यासाठी मागच्या बाजूला वजन ठेवावे.

वास्तवात नर-मादी आणि साखर कारखाना कधी एकत्र चालत नाहीत. धबधबा पावसाळ्यात वाहतो, तर गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. पाऊसच झाला नाही, तर दोन्ही नसतात. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्याने ते पाहिले, शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या या प्रदेशात पाण्याला हावरे असलेले उसाचे पीक किती घ्यावे, हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून मॉडेलच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी ठेवावी, आणि निळे ठोकळे मुद्दाम मोजकेच द्यावेत. उसाला किती, जनावरांना किती आणि गावाला किती, हे वाटप मुलांनीच करावे. भांडण होणारच, पण ते होऊ द्यावे.

राहता राहिली माणसे. डालच्या कारखान्यात बुटके उंपालुंपा गाणी म्हणत राबतात. आपल्याकडे याच जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, हिशेब त्यावरच होतो. मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा मागे राहते. खेळण्यातला कारखाना सजवताना फाटकाबाहेर चार-पाच कोप्या अवश्य उभाराव्यात. त्यांना फारसे ठोकळे लागत नाहीत, दोन तिरप्या पट्ट्या एकमेकींना टेकवल्या की पुरे. शेजारी बैलगाडी आणि एक बारीक आकृती, पाठीला दप्तर असलेली. दप्तराचा सुटा भाग मिळाला नाही, तर एका बटणाची चौकोनी वीट मागे अडकवली तरी चालते.