घरच्या गॅरेजमधली रेसिंग कार

माझदाची मियाटा ही दोन आसनी छोटी गाडी १९८९ साली बाजारात आली आणि अमेरिकेतल्या हौशी शर्यतपटूंची लाडकी झाली. तिच्यासाठी तिथे ‘स्पेक मियाटा’ हा स्वतंत्र वर्गच आहे. या वर्गात इंजिनातल्या फेरफारांवर कडक बंधने असल्याने वेग शोधायचा तो बाकीच्या गाडीत, आणि त्यातले बरेचसे काम घरीच होते.

सुरुवात ब्रेकपासून करावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि ऐन वळणावर पेडल खाली बसते. म्हणून शर्यतीआधी ते बदलणे अत्यावश्यक.

खरी कमाई मात्र चाकांच्या अलाइनमेंटमध्ये. गाडी सपाट जमिनीवर उभी करून दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणायच्या आणि प्रत्येक रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचे अंतर मोजायचे. त्यातला फरक म्हणजे टो. मोजताना चालकाच्या जागी त्याच्याइतके वजन ठेवावे, नाहीतर आकडे फसवे येतात. चाकाचा माथा किंचित आत झुकवला, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, की वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्यावर नीट टेकतो. फेरीनंतर लगेच टायरचे तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेर घ्यावे: बाहेरची कडा जास्त तापली असेल तर कॅम्बर कमी पडतोय, मधला भाग तापला असेल तर हवा जास्त आहे.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा.